धीर ही कमावण्याची वस्तू

'त्याचा स्वभावच मुळी धीराचा' असे एखाद्याविषयी सहज म्हटले जाते आणि या सहज उद्गारात एक मोठा गैरसमज दडलेला असतो. उंची किंवा वर्ण यांप्रमाणे धीरही जन्मतःच लाभतो. ज्याला लाभला तो भाग्यवान आणि ज्याला लाभला नाही त्याने नशिबाला बोल लावावा, असा त्या उद्गाराचा अर्थ होतो. वस्तुतः अक्षर वळणदार व्हावे म्हणून मुलाला कित्ता गिरवावयास लावणारा समाज मनाच्या वळणाबाबत मात्र असा दैववादी का असावा, हे एक कोडेच आहे.

मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात संकटे येतात ती बहुधा नाट्यमय नसतात. हाताशी आलेली बढती हुकते, भलत्याच गावी बदलीचा हुकूम येतो, मुलाचे गुण दोन टक्क्यांनी कमी पडतात, घरातील वडीलधाऱ्याचे दुखणे महिनोन्‌महिने लांबते. यांपैकी एकही घटना वर्तमानपत्रात छापून येण्याजोगी नसते. परंतु माणूस खचतो तो अशाच घटनांच्या साठ्याने. अशा वेळी उपयोगी पडणारे बळ कोठून आणावयाचे, हा प्रश्न केवळ अध्यात्माचा नाही. शिक्षकाच्या खोलीत, कचेरीच्या टेबलाशी आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासिकेत तो रोज उभा राहतो. ध्यान, कृतज्ञता आणि करुणा ही त्याची तीन जुनी उत्तरे आहेत. ती गुहेत बसलेल्या विरक्तांसाठीच आहेत, हा समज किती निराधार आहे, ते पाहावयाचे तर शेजारच्या ब्रह्मदेशातील एका हिशेबनिसाच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

एका हिशेबनिसाचे चरित्र

ऊ बा खिन यांचा जन्म १८९९ साली रंगूनमधील एका कष्टकरी कुटुंबात झाला. १९१७ साली त्यांनी शालान्त परीक्षा उत्तम प्रकारे उत्तीर्ण केली, शिष्यवृत्तीही मिळवली; पण घरच्या ओढगस्तीमुळे महाविद्यालयाची पायरी न चढता त्यांना मिळकतीच्या मागे लागावे लागले. आधी एका वृत्तपत्रात आणि नंतर महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून त्यांनी उमेदवारी केली. नोकरी सांभाळून त्यांनी लेखा सेवेची परीक्षा दिली. भारतातील हजारो कारकुनांचे चरित्र जसे असते तसेच येथवरचे त्यांचे चरित्र होते.

जानेवारी १९३७ मध्ये एका परिचिताने त्यांना श्वासावर चित्त एकाग्र करण्याची रीत दाखवली. तिने ते इतके प्रभावित झाले की, रीतसर रजेची वाट न पाहता नदीपलीकडच्या खेड्यातील साया तेत जी या शेतकरी गुरूकडे ते ध्यान शिकावयास गेले. परत आल्यावर टेबलावर एक लिफाफा वाट पाहत होता. तो बडतर्फीचाच असणार, अशी त्यांची धास्ती होती. निघाले ते बढतीचे पत्र. त्या वर्षी ब्रह्मदेश प्रशासकीयदृष्ट्या हिंदुस्थानपासून वेगळा झाला आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या लेखापरीक्षण कचेरीत अधीक्षकाच्या जागेवर त्यांची निवड झाली होती. या कथेत चमत्कार शोधण्याचे कारण नाही. ती बढती ध्यानाने दिली नव्हती. आधीच्या वीसएक वर्षांच्या चोख कामाने दिली होती, हे उघड आहे. ध्यानाचे श्रेय पुढच्या तीस वर्षांत दिसते.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि हा एकेकाळचा कारकून स्वतंत्र देशाचा पहिला महालेखापाल झाला. १९५० साली त्यांनी आपल्या कचेरीतच कर्मचाऱ्यांचे विपश्यना मंडळ स्थापन केले आणि १९५२ साली रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उभारले. निवृत्तीचे वय उलटल्यावरही सरकार त्यांना सोडावयास तयार नव्हते. एकाच वेळी दोन-तीन खात्यांचा भार वाहत ते १९६७ पर्यंत सेवेत राहिले आणि १९७१ साली निधन पावले.

कृषी पणन मंडळातील गैरकारभार निपटण्यासाठी पंतप्रधान ऊ नू यांनी त्यांना तेथे पाठवले तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच विरोधात संप पुकारला, अशी हकीकत त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितली जाते. नवा अध्यक्ष ना संतापला, ना नमला. उरलेल्या माणसांना हाताशी धरून त्याने काम चालू ठेवले आणि संप आपोआप विरला. शिष्यांनी सांगितलेल्या हकिकतीत गुरूविषयीचा आदर मिसळलेला असणारच. तो वजा घातला, तरी एक गोष्ट शिल्लक राहते. ध्यानाने हा मनुष्य मवाळ झाला नाही, व्यवहारातून अंग काढून घेणाराही झाला नाही. उलट ज्या जागी बसण्यास इतर कचरतात त्या जागी तो शांतपणे बसू शकला.

श्वासापासून सुरुवात

ही रीत आहे तरी कशी? नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाकडे लक्ष ठेवावयाचे, एवढीच तिची पहिली पायरी. तिला आनापान म्हणतात. श्वास लांबवावयाचा नाही, रोखावयाचा नाही, नुसता जाणावयाचा. हे वाटते तितके सोपे नसते. दहा श्वास पुरे होण्याच्या आत मन कालच्या भांडणाकडे किंवा उद्याच्या हप्त्याकडे धावते. नवशिका येथेच निराश होतो आणि 'हे आपल्याच्याने होणे नाही' म्हणून उठतो. पण मन भरकटले हे ध्यानात येणे आणि स्वतःवर न चिडता त्याला परत आणणे, हाच तर खरा सराव. गिरवताना अक्षर बिघडले म्हणून कोणी पाटी फोडत नाही.

विपश्यना ही पुढची पायरी. शरीरावर उमटणाऱ्या संवेदना, मग त्या सुखद असोत वा दुःखद, तटस्थपणे पाहावयाच्या. त्या उपजतात आणि विरतात, हे अनुभवावयाचे. याचा व्यवहारातील उपयोग समजण्यास फार तत्त्वज्ञान लागत नाही. वरिष्ठाने चारचौघांत पाणउतारा केला की तोंडून शब्द फुटण्यापूर्वी कानशिले तापतात, श्वास जलद होतो, मुठी वळतात. ज्याला या खुणा ओळखता येतात त्याला राग आणि उत्तर यांच्यामध्ये एक क्षण सापडतो. ज्याला येत नाहीत त्याला तो राग संपल्यावरच कळतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. धीर म्हणजे राग न येणे नव्हे, दुःख न होणेही नव्हे. तो मधला क्षण हाती असणे, म्हणजे धीर.

ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ साली एक तरुण व्यापारी आला. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले हे सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने हैराण झाले होते आणि डॉक्टरी उपचारांनी थकले होते. डोकेदुखी घालवण्यासाठी ध्यान हवे, हे कारण ऐकताच गुरूने प्रथम नकार दिला. चित्तशुद्धीच्या विद्येचा गोळीसारखा वापर करणे त्यांना मान्य नव्हते. हा नकार आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे हेच गोएंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले. कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या या गावात तेव्हापासून देशोदेशींची माणसे दहा दिवस मौन पाळावयास येतात. पहाटे चारला उठणे, दिवसभर आसनावर बसणे आणि शुल्क मात्र काही नाही. आधी शिकून गेलेल्यांच्या देणग्यांवर पुढच्यांचा खर्च चालतो. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात आणि १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात या पद्धतीची शिबिरे झाली. किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना झालेल्या तिहारच्या एका शिबिरात एक हजारांवर बंदी सहभागी झाले होते. त्यांच्याभोवतीच्या भिंती होत्या तशाच राहिल्या. भिंतींआड स्वतःच्या मनाशी कसे वागावयाचे, एवढेच त्यांना शिकावयाचे होते.

आधुनिक वैद्यकानेही या विद्येची दखल घेतली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारलेला कार्यक्रम सुरू केला. तो आता आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाच्या रूपात अनेक देशांत चालतो. २०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, खिन्नता आणि वेदना यांवर सजगता-ध्यानाचा अल्प ते मध्यम प्रमाणात उपयोग होतो, असे त्यात आढळले. मात्र औषधे, व्यायाम यांसारख्या अन्य उपायांपेक्षा ते सरस ठरते, याला पुरावा मिळाला नाही. भक्तांना हा निष्कर्ष थंड वाटेल आणि टीकाकारांना अडचणीचा. सामान्य माणसाला मात्र तो पुरेसा आहे. मध्यम गुणाची, पण फुकट मिळणारी आणि जन्मभर पुरणारी वस्तू टाकून देण्याचे कारण नसते.

कृतज्ञता म्हणजे लाचारी नव्हे

कृतज्ञता या शब्दाला आपल्या समाजात एक चमत्कारिक वास चिकटला आहे. उपकारकर्त्यापुढे वाकून उभे राहणारा आश्रित या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे येतो. 'मिळते आहे त्यात समाधान माना' असे वरच्याने खालच्याला बजावताना हा शब्द इतक्यांदा वापरला गेला की, स्वाभिमानी मनाला त्याचा वीट यावा. तथापि, आज्ञेने आलेली कृतज्ञता आणि पाहण्याच्या सवयीतून उपजलेली कृतज्ञता यांत मोठे अंतर आहे. पहिली लाचारी होय. दुसरी ही हिशेबातील सचोटी होय.

मनाची खतावणी स्वभावतःच एकांगी असते. तीत नावे पडलेल्या रकमा ठसठशीत अक्षरांत उमटतात, जमेच्या रकमा मात्र नोंदल्याच जात नाहीत. दिवसभरात भेटलेल्या वीस माणसांपैकी एकोणीस जण सरळ वागले आणि एक उर्मटपणे बोलला, तर रात्री अंथरुणावर आठवतो तो एकच. कृतज्ञतेचा सराव म्हणजे जमेची बाजूही लिहिणे. नावे पडलेली रक्कम त्याने खोडली जात नाही. ताळेबंद तेवढा खरा होतो.

याचीही चाचणी झालेली आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले होते. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने ज्यांविषयी आभार वाटावेत अशा पाच गोष्टी लिहावयाच्या, दुसऱ्याने पाच कटकटी आणि तिसऱ्याने केवळ घडलेल्या घटना. अखेरीस पहिल्या गटातील विद्यार्थी आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आणि येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळले. साधन होते फक्त कागद आणि पेन्सिल.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही. वर्षभर ज्याच्या मानेवर संसार चालला त्याला त्या दिवशी पुरणपोळीचा घास भरवतात. खंडेनवमीला सुतार आपल्या रंध्यापुढे आणि यंत्रावरचा कामगार आपल्या यंत्रापुढे हात जोडतो. दसऱ्याला शाळेत पाटीवर सरस्वती रेखली जाते. हे सण सुरू करणाऱ्यांना मानसशास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती. ज्याच्या जोरावर आपण उभे आहोत त्याची वर्षातून एकदा तरी मोजदाद व्हावी, एवढे व्यवहारज्ञान मात्र त्यांच्यापाशी होते. वर्षातून एकदा जे बैलाला मिळते ते घरातील स्वयंपाक करणारीला, कचेरीतील शिपायाला आणि पहाटे रस्ता झाडणाऱ्याला रोज का मिळू नये, एवढाच काय तो प्रश्न.

करुणा : भीतीवरचा उतारा

तिसरे साधन करुणेचे. करुणेविषयीची शंका नेमकी उलट असते. आधीच स्वतःच्या दुःखाने वाकलेल्या माणसाने दुसऱ्याचे दुःख कशाला ओढून घ्यावे? रुग्णालयातील परिचारिका, अडचणीतील मुलांच्या कहाण्या रोज ऐकणारा शिक्षक, अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाने थकून जाणे हा खरा अनुभव आहे.

जर्मनीतील लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. दुसऱ्याचे दुःख स्वतः भोगण्याची सहसंवेदना आणि त्या दुःखाविषयी मायेने कळवळून मदतीस सरसावणारी करुणा यांचा त्यांनी वेगवेगळा सराव करून घेतला आणि सहभागींना दुःखाची चित्रफीत दाखवली. नुसत्या सहसंवेदनेच्या सरावाने माणसे अधिक व्यथित झाली. त्यानंतर मैत्री-करुणेचा सराव करताच त्यांची व्यथा उतरली आणि आपुलकीच्या भावना वाढल्या. दुःखात बुडणे आणि दुःखिताला हात देणे या मनाच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत. पहिली थकवते, दुसरी उभे करते.

हे प्रयोगशाळेत सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी विदर्भातील एका वकिलाने स्वतःच्या जिवावर सिद्ध केले होते. हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे निर्भय म्हणून ओळखले जात. वरोऱ्यात सफाईकाम करताना त्यांना रस्त्याच्या कडेला पावसात पडलेला, महारोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि ते घाबरून पळाले. त्या पळण्याची बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, त्या माणसाची शुश्रूषा केली, कलकत्त्याला जाऊन रोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले आणि १९४९ साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभे राहिले. साधनाताईंची साथ नसती तर ते उभे राहिले नसते. भय दडपून ते गेले नाही. ज्याचे भय वाटले त्याच्या जखमा धुण्याने गेले. आनंदवनात रुग्णाला भिक्षा नाही, काम मिळाले, हेही येथे महत्त्वाचे. करुणा म्हणजे कीव नव्हे. कीव वरून खाली पाहते, करुणा शेजारी येऊन बसते.

आणि या शेजारी बसण्याचा लाभ स्वतःलाही द्यावयास शिकले पाहिजे. नापास झालेल्या मित्राची समजूत काढणारा विद्यार्थी स्वतः नापास झाला की स्वतःला जे शब्द ऐकवतो, ते शत्रूलाही कोणी ऐकवणार नाही. त्या वेळी मित्राशी जसे बोललो असतो तसे स्वतःशी बोलणे हा दुबळेपणा नव्हे. पडलेल्याला लाथ मारून कोणी उठवत नसते.

साधनाची मर्यादा

येथे एका धोक्याची नोंद करणे अवश्य आहे. मनोबल वाढवण्याची भाषा अलीकडे व्यवस्थापनांना आणि संस्थांना फार प्रिय झाली आहे. रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरावयाच्या नाहीत, एका शिक्षकावर तिघांचे काम लादावयाचे, कंत्राटी माणसाचे वेतन थकवावयाचे आणि मग त्या सर्वांसाठी ताणमुक्तीचे शिबिर भरवावयाचे, ही ध्यानाची शुद्ध विटंबना होय. अन्याय सोसण्याची ताकद वाढवणे हा या साधनांचा हेतू नव्हता. ज्याला शांत मनाने विचार करता येतो तो अर्जही नेमका लिहितो, संघटनेच्या सभेत मुद्द्याचे बोलतो आणि लढा लांबला तरी कडवट होत नाही. ऊ बा खिन यांचे ध्यान गैरकारभाराशी तडजोड करणारे नव्हते, हे विसरता कामा नये.

दुसरी मर्यादा आजाराची. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत रुग्ण उपचारावाचून राहत असल्याचे दिसले. तीव्र नैराश्य किंवा अन्य गंभीर विकार असलेल्याला 'डोळे मिटून बस, बरे वाटेल' असे सांगणे हे मोडलेल्या हाडावर सूर्यनमस्कार सुचवण्यासारखे आहे. दीर्घ ध्यानाने अशा व्यक्तीचा त्रास वाढूही शकतो. म्हणूनच ध्यानकेंद्रे प्रवेशअर्जात मानसिक आजाराची विचारणा करतात. अशा वेळी डॉक्टर हवा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही बोलतो. तो शाळेच्या आणि कचेरीच्या सूचनाफलकावर सुट्ट्यांच्या यादीशेजारी लागावयास हवा.

या दोन मर्यादा मान्य केल्या म्हणजे उरते ते क्षेत्र लहान नाही. सकाळी घर जागे होण्यापूर्वी दहा मिनिटे श्वासाकडे पाहणे, रात्री वहीत जमेच्या तीन ओळी लिहिणे आणि दिवसात एकदा तरी कोणाचे तरी म्हणणे मध्ये न तोडता ऐकून घेणे, एवढ्याने प्रारंभ होतो. त्याला ना गुरुदक्षिणा लागते, ना रजेचा अर्ज. पहिल्या आठवड्यात काही जाणवणार नाही. पहिल्या महिन्यात कंटाळा येईल. कित्ता गिरवणाऱ्या मुलाचेही असेच होते. परंतु संकट वेळ ठरवून येत नाही आणि ते आल्यावर पोहणे शिकावयास सवड मिळत नाही. वाढत्या वयाबरोबर भविष्य निर्वाह निधीची शिल्लक तपासणाऱ्या प्रत्येकाला बचतीचे हे साधे तत्त्व ठाऊक आहे. मनाच्या बाबतीत ते लागू करावयाचे एवढेच. आणि तेही बरे दिवस असतानाच.